श्रम, श्वास आणि स्वरयंत्र : तरुण वयातील एका श्वासरोधाची ओळख

धावताना धाप लागणे हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. काम करणाऱ्या स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो आणि त्या कामातून निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर टाकावयाचा असतो. म्हणून श्वासाची गती आणि खोली ही दोन्ही वाढतात. धाव थांबली, की थोड्याच वेळात श्वास पूर्ववत होतो. या धापेत काळजी करण्यासारखे काही नाही.

परंतु काही तरुणांच्या आणि तरुणींच्या बाबतीत याहून निराळा प्रकार घडतो. धाव ऐन रंगात आली असता श्वास आत घेणे एकाएकी कठीण होते. अडचण छातीत नसून गळ्याशी आहे असे जाणवते. श्वास आत ओढताना शिळेसारखा किंवा घोगरा, कर्कश आवाज होतो. गळा कोणी आवळीत आहे असे वाटून मन घाबरे होते आणि पायांत बळ शिल्लक असतानाही धाव सोडून द्यावी लागते. थांबल्यावर मात्र दोन-चार मिनिटांत सारे शमते. वैद्याकडे जाईपर्यंत तपासण्यासारखे काही उरलेले नसते. अशा मुलांना पुष्कळदा दम्याचे औषध दिले जाते व त्याचा गुण येत नाही. पुढे कोणी त्यांना भित्रे म्हणतो, तर कोणी कामचुकार ठरवतो.

या विकाराचे मूळ फुफ्फुसांत नसून स्वरयंत्रात असते. वैद्यकात त्याला व्यायामजन्य स्वरयंत्ररोध असे म्हणता येईल. त्याचे स्वरूप काय, तो दम्याहून वेगळा कसा ओळखावा आणि त्यावर उपाय कोणते, यांचा विचार या पाठात केला आहे.

श्वासमार्गाचे द्वार

नाकातून किंवा तोंडातून आत गेलेली हवा घशातून मुख्य श्वासनलिकेत उतरते. या नलिकेच्या माथ्यावर स्वरयंत्र बसविलेले आहे. गळ्याच्या पुढील बाजूस हाताला लागणारा उंचवटा हा स्वरयंत्राच्या सर्वांत मोठ्या कूर्चेचा भाग होय. तिच्या खाली अंगठीच्या आकाराची दुसरी कूर्चा असते आणि या अंगठीच्या मागील कडेवर दोन लहान कूर्चांची जोडी बसलेली असते. या जोडीपासून पुढच्या बाजूपर्यंत दोन पडद्यांसारख्या घड्या ताणलेल्या असतात. त्यांनाच आपण स्वरतंतू म्हणतो. त्यांच्यामधील फट म्हणजे स्वरद्वार. स्वरतंतूंच्या वरच्या अंगाला मऊ घड्यांचा एक कठडा असतो व त्याच्या पुढे पानाच्या आकाराचा कंठच्छद असतो.

बोटे गळ्यावर हलकेच ठेवून ‘म्’ असा गुंजारव केला, तर स्वरतंतूंचे कंपन बोटांना जाणवते. तेच कुजबुजत बोलल्यास कंपन लागत नाही. नावावरून स्वरयंत्राचे मुख्य कार्य स्वर निर्माण करणे हेच असावे असे वाटते. पण जीवसृष्टीच्या दृष्टीने त्याचे मूळ कार्य निराळे आहे. ब्रिटिश शल्यवैद्य व्हिक्टर नीगस यांनी अनेक प्राण्यांच्या स्वरयंत्रांची तुलना करून १९२९ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वरयंत्र हे प्रथमतः श्वासमार्गाचे रक्षण करणारे दार आहे व आवाज हा त्याचा मागाहून आलेला उपयोग आहे, असे त्यांनी दाखविले. अन्नाचा घास गिळताना हे दार मिटते. पाण्याचा थेंब चुकून आत जाऊ लागला, तर ते झटकन बंद होते आणि खोकला येतो. मिटण्याची ही तत्परता नसती, तर प्रत्येक जेवण धोक्याचे ठरले असते.

दार मिटण्यासाठी अनेक लहान स्नायू मदत करतात. ते उघडणारी स्नायूंची जोडी मात्र एकच आहे. ती अंगठीसारख्या कूर्चेच्या पाठीमागे असते. तिला आज्ञा पोहोचविणारा मज्जातंतू हा दहाव्या मस्तिष्क-मज्जातंतूची शाखा होय. डाव्या बाजूची शाखा थेट छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्यात चढते.

श्रमकाळी काय घडते

आपण स्वस्थ बसलेले असतो, तेव्हा दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. मिनिटाला बारा ते पंधरा श्वास धरले, तर दर मिनिटाला सहा ते साडेसात लिटर हवा स्वरद्वारातून जाते. जोराने धावणाऱ्या तरुणाच्या बाबतीत हे प्रमाण मिनिटाला १०० लिटरपर्यंत चढते, आणि कसलेल्या खेळाडूंत त्याहूनही वर जाते. श्वसन मिनिटाला सुमारे ३५ ते ४० लिटरांच्या पुढे गेले, की केवळ नाक पुरत नाही व माणूस तोंडानेही श्वास घेऊ लागतो. नाकाला पर्याय म्हणून तोंड आहे, पण स्वरयंत्राला असा पर्याय नाही. सगळी हवा त्याच एका फटीतून जावी लागते.

म्हणून निरोगी माणसात श्रमाबरोबर स्वरद्वार अधिक रुंद होते. श्वास आत घेताना स्वरतंतू एकमेकांपासून दूर सरतात, कंठच्छद पुढे झुकतो आणि वरच्या घड्या बाजूला ताणल्या जातात. श्वास सोडताना फट किंचित अरुंद होते, परंतु श्वास अडत नाही. प्रस्तुत विकारात नेमके याच्या उलट घडते. हवेची गरज सर्वाधिक असते, त्याच क्षणी दार आतल्या बाजूस ओढले जाते.

दाबाचे गणित

द्वार थोडेसे अरुंद झाल्याने एवढा त्रास का व्हावा, हे समजण्यासाठी भौतिकशास्त्राची मदत घ्यावी लागते. वेगाने व खळबळत वाहणारी हवा अरुंद छिद्रातून ओढून घेण्यासाठी लागणारा दाबातील फरक हा प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि छिद्राच्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. याचा अर्थ असा, की प्रवाह तोच ठेवून छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे केले, तर चौपट दाब लावावा लागतो. क्षेत्रफळ एक-तृतीयांश उरले, तर नऊपट दाब लागतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला एवढा संकोच जाणवणारही नाही, कारण त्याचा प्रवाहच मुळात थोडा असतो. धावणाऱ्याच्या श्वासपटलावर व छातीच्या स्नायूंवर मात्र तो फार मोठा भार टाकतो.

यात आणखी एक गोष्ट भर घालते. वाहत्या द्रवाचा वेग वाढला, की त्याचा बाजूंवरील दाब घटतो, हा नियम डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. तो हवेलाही लागू पडतो. कागदाचे दोन तुकडे चार बोटे अंतरावर समोरासमोर लोंबत धरावे आणि त्यांच्यामधील जागेत वरून जोराने फुंकर मारावी. कागद दूर न जाता एकमेकांकडे येतात. स्वरयंत्राच्या वरच्या मऊ घड्यांचीही काही जणांत अशीच स्थिती होते. हवा वेगाने आत जाऊ लागली, की त्या आतल्या बाजूस खेचल्या जातात. फट अरुंद झाल्याने हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढल्याने ओढ आणखी वाढते. अशा रीतीने एक दुष्टचक्र सुरू होते. रोगी घाबरून अधिक जोराने श्वास ओढू लागला, तर ते चक्र गतिमान होते. धाव थांबवताच प्रवाह कमी होतो आणि चक्र तुटते. म्हणूनच हा त्रास इतक्या लवकर शमतो.

या विकाराचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात स्वरतंतूंच्या वरचा भाग आत कोसळतो. दुसऱ्यात प्रत्यक्ष स्वरतंतूच श्वास आत घेताना जवळ येतात. व्यायामाने होणाऱ्या त्रासात पहिला प्रकार अधिक आढळतो. पुष्कळ रोग्यांत आरंभ वरच्या भागात होतो व पाठोपाठ स्वरतंतूही जवळ येतात.

दम्याहून वेगळेपण

व्यायामामुळे दम्याचाही झटका येतो आणि तोही तरुण वयात पुष्कळ आढळतो. त्यामुळे या दोहोंत गल्लत होणे साहजिक आहे. तरी चार गोष्टींकडे लक्ष दिल्यास भेद बराचसा स्पष्ट होतो.

पहिली गोष्ट वेळेची. स्वरयंत्ररोध श्रमाच्या शिखरावर येतो आणि थांबल्यावर बहुधा पाच मिनिटांच्या आत ओसरतो. दम्याचा झटका बहुधा व्यायाम संपल्यानंतर वाढत जातो आणि अर्धा तास ते तासभर टिकू शकतो.

दुसरी गोष्ट श्वासाच्या दिशेची. स्वरयंत्ररोधात श्वास आत घेताना अडथळा व आवाज होतो. दम्यात सूक्ष्म श्वासनलिका आकुंचन पावतात, त्यामुळे श्वास बाहेर सोडणे जड जाते व छातीत सूं-सूं असा आवाज येतो.

तिसरी गोष्ट जागेची. स्वरयंत्ररोध झालेला मुलगा बहुधा गळ्याकडे बोट दाखवितो, तर दमेकरी छातीवर हात ठेवतो.

चौथी गोष्ट औषधाची. श्वासनलिका रुंद करणारे साल्ब्युटामॉलसारखे औषध व्यायामापूर्वी हुंगल्यास व्यायामजन्य दम्याला बहुधा आळा बसतो. स्वरयंत्ररोधावर त्याचा परिणाम होत नाही, कारण ज्या स्नायूंवर ते काम करते, ते स्नायू या अडथळ्यास कारण नसतात.

हे सर्व खरे असले, तरी केवळ लक्षणांवरून निश्चित निदान करता येत नाही. एकाच व्यक्तीला दोन्ही विकार असू शकतात. यासाठी दम्याचे चालू औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

निदानाचा इतिहास

जिवंत माणसाचे हालते स्वरयंत्र पाहण्याची सोपी युक्ती एका गायनशिक्षकाने काढली. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनाचार्यांनी १८५४ साली लहान आरसा घशात धरून व त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आपली निरीक्षणे त्यांनी १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यानंतर वैद्यांनी हा आरसा उचलला. लंडनचे कंठरोगतज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी यांनी १८६९ साली काही रोग्यांत श्वास आत घेताना स्वरतंतू जवळ येतात हे प्रत्यक्ष पाहिले. परंतु त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा प्रकार उन्मादाचा, म्हणजे मनाच्या विकाराचा मानला गेला. विल्यम ऑस्लर यांच्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथातही १९०२ साली अशा झटक्यांचे वर्णन उन्मादाच्या प्रकरणातच आलेले आहे.

१९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी पाच रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या सर्वांवर तीव्र दमा समजून उपचार चालले होते. प्रत्यक्षात त्यांचे स्वरतंतूच अवेळी मिटत होते. वाचा-उपचाराने व मानसोपचाराने त्यांना चांगला गुण आला. या लेखानंतर विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. मात्र विकार मनाचा आहे ही छाया लगेच दूर झाली नाही.

अडचण अशी होती, की तपासणी स्वस्थ बसवून केली जाई आणि स्वस्थ बसलेल्या रोग्याचे स्वरयंत्र निर्दोष दिसे. श्वासमापनाचे आलेखही बहुधा ठीक येत. रोग ज्या क्षणी असतो, त्या क्षणी पाहिल्यावाचून तो दिसणार कसा? शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत पशुवैद्यांनी हा प्रश्न आधीच सोडविला होता. घोड्यांतही स्वरयंत्राच्या दोषामुळे धावताना श्वासाचा मोठा आवाज होतो. म्हणून त्यांना फिरत्या पट्ट्यावर धावावयास लावून दुर्बिणीने घसा पाहण्याची पद्धत होती. माणसासाठी अशी चाचणी नॉर्वेतील बर्गेन येथील संशोधकांनी तयार केली व तिचे वर्णन २००६ साली प्रसिद्ध केले. नाकातून एक बारीक, लवचीक दुर्बीण स्वरयंत्राच्या वर आणतात व ती शिरस्त्राणाला पक्की करतात. नंतर रोग्यास फिरत्या पट्ट्यावर शक्ती संपेपर्यंत धावावयास सांगतात. स्वरयंत्राची हालचाल, श्वासाचा आवाज आणि धावणाऱ्याची आकृती यांची एकाच वेळी नोंद होते. दार केव्हा, कोणत्या भागात आणि किती मिटते हे या नोंदीत उघड दिसते.

या चाचणीने जुना ग्रह बऱ्याच अंशी निकालात काढला. हवेच्या ओढीने आत कोसळणारी मऊ घडी ही काही मनाची कल्पना नव्हे. भीती ही पुष्कळदा श्वास अडल्यामुळे उत्पन्न होते. ती नेहमीच त्याचे कारण असते असे नाही. तथापि स्पर्धेचा ताण व चिंता यांनी काही जणांत त्रास वाढतो, हेही नाकारता येत नाही.

विकाराचे प्रमाण

हा विकार समजला जात होता तितका विरळ नाही. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे १४ ते २४ वयाच्या तरुणांची पाहणी करण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार विकाराचे प्रमाण शेकडा ७.५ इतके अंदाजण्यात आले. स्वीडनमधील उप्साला येथील १२ ते १३ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत ते शेकडा ५.७ आढळले, ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत व्यायामाने धाप लागते असे सांगणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांत दमाही नव्हता आणि स्वरयंत्ररोधही नव्हता. तेव्हा प्रत्येक धापेला रोग समजणे जितके चुकीचे, तितकेच प्रत्येक धापेला दमा म्हणणेही चुकीचे होय.

रुग्णालयात येणाऱ्यांत तरुण मुली अधिक असतात. पौगंडावस्थेत मुलांचे स्वरयंत्र मुलींच्या मानाने अधिक वाढते. त्यामुळे मुलींचे द्वार तुलनेने लहान राहते, हे त्याचे एक कारण असावे असे मानले जाते. मात्र हा केवळ मुलींचा विकार नव्हे. उप्सालाच्या पाहणीत मुले व मुली यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

उपचार

पहिला उपचार म्हणजे समजावून सांगणे. आपले स्वरयंत्र धावताना कसे वागते हे चित्रात पाहिल्यावर आणि थांबल्यावर ते आपोआप मोकळे होते हे कळल्यावर रोग्याची भीती पुष्कळ कमी होते. ज्याचे म्हणणे कोणी मानीत नव्हते, त्याला आपण खोटे नव्हतो याचा पुरावाही मिळतो.

दुसरा उपचार श्वासाच्या शिक्षणाचा. तो वाचा-उपचारतज्ज्ञाच्या किंवा जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घेणे इष्ट. खांदे व गळा सैल सोडावा, पोटाने श्वास घ्यावा, श्वास घाईने ओढू नये, ही त्याची मूलतत्त्वे आहेत. फूल हुंगावे तसा नाकाने श्वास घेतल्यास स्वरतंतू स्वभावतःच दूर सरतात. त्यानंतर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा. तीव्र श्रमात नाकाने श्वास पुरत नाही, म्हणून डेन्व्हर येथील तज्ज्ञांनी निराळी रीत बसविली आहे. तीत श्वास आत घेताना प्रथम ओठांनी किंवा दातांनी हवेला थोडा अडथळा करावयाचा व मध्येच तोंड एकदम मोकळे करावयाचे असते. या रीती आधी स्वस्थ बसून, मग चालताना आणि शेवटी धावताना अंगवळणी पाडाव्या लागतात. झटका आल्यावर प्रथमच करून पाहिल्यास त्या उपयोगी पडत नाहीत.

श्वास आत घेणाऱ्या स्नायूंना लहान उपकरणाच्या साहाय्याने व्यायाम देण्याचीही पद्धत आहे. जोडीला दमा, नाकातील ॲलर्जी किंवा आम्लपित्त घशाशी येण्याचा त्रास असल्यास त्यावरही उपाय करावे लागतात. स्वरतंतूंच्या वरच्या घड्या फारच सैल असून अन्य उपायांनी गुण येत नसेल, तर निवडक रोग्यांत त्यांचा थोडा भाग शस्त्रक्रियेने काढतात.

शाळेचे व क्रीडाशिक्षकाचे कर्तव्य

मध्यम पल्ल्याच्या धावण्यात हा विकार विशेषेकरून प्रकट होतो. १०० मीटरची धाव श्वास शिखरावर पोहोचण्याआधीच संपते; ८०० किंवा १६०० मीटर मात्र शिखरावरच धावावे लागतात. शालेय स्पर्धांत आणि पोलीस व सैन्यभरतीत याच अंतरांना महत्त्व असते. खेड्यातील मुलगा किंवा मुलगी वर्षभर सराव करून मैदानात उतरते आणि श्वास गळ्याशी अडल्यामुळे बाद होते. तिला दमा आहे, असा शिक्का बसल्यास ती पुढे प्रयत्नही सोडून देते. योग्य वेळी निदान झाल्यास हे नुकसान टळू शकते.

विद्यार्थ्याला असा झटका आल्यास त्याला थांबवावे, मोकळ्या जागी बसवावे, भोवतीची गर्दी हटवावी आणि शांत स्वरात सावकाश श्वास सोडण्यास सांगावे. दमा असल्याचे निदान झालेले असेल, तर त्याचे नेहमीचे औषध त्यास द्यावे. त्रास केव्हा सुरू झाला, आवाज श्वास घेताना होता की सोडताना, आणि किती मिनिटांत थांबला, हे लिहून ठेवावे. पालकांच्या संमतीने मोबाइलवर आवाजासह चित्रण केल्यास डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. कारण धावते स्वरयंत्र पाहण्याची सोय सर्वत्र नसते.

काही लक्षणे मात्र निराळी मानली पाहिजेत. धावताना भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, अंगावर गांधी उठून घसा सुजणे, थांबल्यावरही श्वास न सुधारणे, विश्रांतीतही श्वासाचा आवाज येणे किंवा आवाज कित्येक आठवडे बसलेला राहणे, यांपैकी काही आढळल्यास विद्यार्थ्याला विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. ही हृदयाच्या, तीव्र ॲलर्जीच्या किंवा अन्य गंभीर रोगाची चिन्हे असू शकतात.

यंत्राने चाचणी करण्यापूर्वीही एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला करता येते. श्वास अडतो असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम खरे मानावे आणि तो कोठे व केव्हा अडतो हे त्यास विचारावे. निदानाचा आरंभ तेथूनच होतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. स्वरद्वार उघडणाऱ्या व मिटणाऱ्या स्नायूंत कोणता फरक आहे?
२. प्रवाह तिप्पट झाला व द्वाराचे क्षेत्रफळ तेच राहिले, तर दाबातील फरक किती पट होईल?
३. स्वस्थ स्थितीतील तपासणीत हा विकार का दिसत नाही?
४. व्यायामजन्य दमा व स्वरयंत्ररोध यांतील चार भेद सांगा.